डिलीट न होणारी फाइल म्हणजे व्हायरस नव्हे, भो

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार गिऱ्हाइकांनी दाखवला. जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. असले मेसेज आधी पोहोचतात आणि मागोमाग त्यांनी बिघडवलेली मशिनं. मेसेज थोडक्यात असा: जी फाइल डिलीट होत नाही ती व्हायरस समजा. शिफ्ट-डिलीट मारा. तरी गेली नाही तर नोटपॅडमध्ये दिलेली ओळ टाकून बॅट फाइल (दोनदा क्लिक केलं की आतल्या कमांड चालवणारी फाइल) बनवा आणि त्या फोल्डरात ठेवून चालवा. नाहीतर कॉम्प्युटर बंद करून चालू करा. आणि सी ड्राइव्हमध्ये 'हायबरफिल' नावाची काही जीबींची फाइल दिसली तर हॅकर घुसलाच म्हणून समजा.

आधी व्हायरसचं बघू. विंडोजमध्ये प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा ती इतरांना पुसू द्यायची की नाही, हे तोच सांगून ठेवतो. त्यानं 'नाही' म्हटलं असेल तर फाइल हलत नाही. हा प्रोग्रॅम एक्सेल असेल, अँटिव्हायरस असेल, कधी तर एक्सप्लोररच्या उजवीकडची प्रिव्ह्यूची पट्टीच असते. लिनक्समध्ये उघडी फाइलसुद्धा पुसता येते; नाव लगेच जातं, मजकूर शेवटचा प्रोग्रॅम सोडेपर्यंत डिस्कवर राहतो. म्हणजे हा विंडोजचा नियम झाला, रोग नव्हे. व्हायरसही कधी फाइल अडवून बसतो, नाही असं नाही. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर येतो तो शॉर्टकटवाला व्हायरस उलट पटकन डिलीट होतो आणि हरळीसारखा परत उगवतो.

शिफ्ट-डिलीटनं फक्त रिसायकल बिन टळतो. कुलूप तेच.

आता ती बॅट फाइल. ओळ अशी: डेल, मग स्लॅश एफ, स्लॅश एस, स्लॅश क्यू, आणि शेवटी चांदणी-ठिपका-चांदणी. लोकांना वाटतं, एफ म्हणजे फोर्स, म्हणजे कुठलीही फाइल जाणार. या एफची सक्ती फक्त 'रीड-ओन्ली' फायलींवर चालते. उघड्या फाइलपुढे तिचं काही चालत नाही. एस म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, क्यू म्हणजे न विचारता, आणि त्या चांदण्या म्हणजे सगळ्याच फायली.

रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्यानं ती काटापावत्यांच्या फोल्डरात चालवली. हंगामभराच्या गाड्यांचा हिशोब त्यात. "भो, जी घालवायची ती तशीच, बाकी सगळं साफ!" मी बघितलं तर खरंच. पावत्या गेल्या, बॅट फाइलनं स्वतःलाही पुसलं, आणि फोल्डरात उरली एकच फाइल: ती हट्टी एक्सेल शीट. डेलनं पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क होती म्हणून बरंचसं परत मिळालं. एसएसडी असती तर ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा बहुतेक वेळा लगेच रिकामी करून टाकते, मग मीही हात टेकले असते.

त्या शीटला धरलं कुणी होतं? विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडला, कुठला प्रोग्रॅम काय वापरतोय ते तो दाखवतो; सीपीयूच्या टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स'च्या चौकटीत फाइलचं अर्धं नाव टाकलं. यादीत एक्सेल. खिडकी कधीच बंद झाली होती, प्रोग्रॅम मात्र मागे तसाच चालू. तो तिथूनच संपवला आणि फाइल साध्या डिलीटनं गेली. दोन मिनिटांचं काम.

'बंद करून चालू करा' हे अर्धंच खरं. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा, ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस (मागे न दिसता चालणारे प्रोग्रॅम) यांच्यासकट, डिस्कवर जपून ठेवला जातो. सकाळी तोच परत उठतो. एखाद्या सर्व्हिसनं फाइल धरली असेल तर ती पकड तशीच राहू शकते. रीस्टार्ट दाबा, तिथे सगळं नव्यानं सुरू होतं.

हायबरफिल तर विंडोजचीच फाइल. हायबरनेट करताना रॅममधलं सगळं तिच्यात लिहिलं जातं, म्हणून ती एवढी मोठी. नकोच असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ' द्या, विंडोज स्वतःच ती काढून टाकतं. हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअपही तिच्याबरोबर जातात.

जे कारण मला आपल्या भागात नेहमी सापडतं त्याचा मेसेजात उल्लेखच नाही: मराठी नावं. ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा सगळा पत्ता 260 चिन्हांच्या आसपास गेला की एक्सप्लोरर अडतो. 'पावत्या' आपल्याला तीन अक्षरं दिसतात. विंडोज काना, हलन्त वेगळे धरून सात मोजतं. खालची फाइल आधी बनलेली असते, मग कुणीतरी वरच्या फोल्डराला 'सन 2023-24 च्या सर्व गाड्यांच्या काटापावत्या जुन्या' असं नाव देतं, आणि खालचं सगळं अडकतं. त्याच व्यापाऱ्याच्या दुसऱ्या ड्राइव्हवर हेच निघालं. वरून एकेका फोल्डराचं नाव नुसतं 'क', 'ख' केलं, मग सगळं मुकाट गेलं.