अंगठा काकीचाच आहे

आज सकाळी काकीचे आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे मोफत उपचारांचे सरकारी कार्ड, काढायला तालुक्याच्या गावी गेलो, दीड तास रांगेत उभे राहिलो आणि हात हलवत परत आलो, कारण यंत्राने चार वेळा तिचा अंगठा नाकारला. "आजी, हात साबणाने धुऊन या," तिथला मुलगा म्हणाला. काकी हात धुऊन आली, पदराला पुसून तिने अंगठा पुन्हा टेकवला आणि पुन्हा तेच. "माझोच अंगठो आसा रे, दुसऱ्याचो खयसून हाडू?" असे तिने विचारले तेव्हा रांग हसली. मला हसू आले नाही.

वेंगुर्ल्याकडच्या माणसांना कारण सांगायला नको. चाळीस हंगाम ओल्या काजूबिया फोडणाऱ्या बाईच्या बोटांवर रेषा राहतील कशा? राख लावा नाहीतर तेल लावा, टरफलातला चीक कातडी जाळतोच. तिने सोलून दिलेल्या काजूगरांची उसळ आपण मिटक्या मारत खायची आणि ती म्हातारी झाल्यावर तिला सांगायचे की तू तू नाहीस!

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार या कार्डावर मोफत आहेत. छातीत कळ आली तर आमची गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नाहीतर कोल्हापूरला धावते, तेव्हा हे कार्ड म्हणजे चैन नव्हे. पर्याय आहेत, हे मलाही ठाऊक आहे. ओटीपी जातो तो मुंबईतल्या मुलाच्या मोबाईलवर आणि तो पाळीवर असताना फोन उचलत नाही. चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय ॲपमध्ये आहे, पण आज रेंजअभावी पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले.

तंत्रज्ञानाचा मी वैरी नाही. गेल्या पावसाळ्यात आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंनी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टरांशी बोलून काकीच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलून घेतल्या आणि एसटीच्या दोन फेऱ्या वाचल्या, हे नाकारता येणार नाही. रवांडासारख्या गरीब देशात २०१६ पासून ड्रोनने रक्ताच्या पिशव्या पोहोचतात, हेही कबूल. पण ते ड्रोन रुग्णाला अंगठा घासून यायला सांगत नाहीत.

त्या मुलावर मी आवाज चढवला, ते चुकलेच. सकाळपासून तोही उपाशी होता. काकीला जन्मापासून ओळखणारा पोलीस पाटील गावात आहे, महिन्याला घरी येऊन विचारपूस करणाऱ्या आशाताई आहेत; त्यांची सही घेऊन अर्ज पुढे पाठवायला त्याच्या पडद्यावर एक रकाना हवा होता. तेवढा एक रकाना ठेवावा, असे हे ॲप बनवणाऱ्या एकालाही सुचले नाही?

सोमवारी पुन्हा जायचे आहे. काकी आत्ता पडवीत बसून बोटांना खोबरेल चोळते आहे. पण उद्या शंभर काजूगरांची मागणी आहे, आणि ती तिने आधीच घेऊन ठेवली आहे.