खाल्लं असेल, तर पंगत मोठी होती

ग्रामसभेची नोटीस लागली की हमखास फिरणारा संदेश या वेळीही गावच्या ग्रुपवर आला. सारांश असा: घटनेने ग्रामपंचायतीला २९ विषय दिले, दिल्लीहून पैसे थेट खात्यात येतात, सरपंचही थेट जनतेतून. तरी गटारं तुंबलेलीच, म्हणजे सरपंच खातो. त्यापेक्षा कारभार बीडीओकडेच (गटविकास अधिकाऱ्याकडेच) द्या.

यातल्या प्रत्येक ओळीत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर तो पटतो.

आधी ते २९ विषय. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली आणि अकराव्या अनुसूचीत शेतीपासून शाळेपर्यंतची यादी आली. पण अनुच्छेद २४३छ नीट वाचा. राज्याच्या विधानमंडळाला हे अधिकार पंचायतींना ‘देता येतील’, असं तिथे आहे. ‘द्यावे लागतील’ असं नाही. सगळी मेख या क्रियापदात आहे. पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक, महिलांचं आरक्षण बंधनकारक, अधिकार मात्र राज्याच्या मर्जीवर. शिवाय यादी तिन्ही स्तरांसाठी (ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद) आहे, एकट्या ग्रामपंचायतीसाठी नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात तर जिल्हा परिषदा १९६२पासून आहेत, घटनादुरुस्तीच्या तीस वर्षं आधीपासून. आज त्याच जिल्हा परिषदांच्या शिक्षकांच्या बदल्या राज्यस्तरावरच्या ऑनलाइन प्रणालीतून होतात. (त्याआधी बदल्यांत काय चालायचं ते कुठल्याही गुरुजींना विचारा. त्यामुळे या एका बाबतीत मी फार गळा काढणार नाही.)

आता पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानाचे ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही. पाणीपुरवठ्याच्या शिपायाचा पगार थकला तर या पैशाला हात लावता येत नाही, तो घरपट्टी-पाणीपट्टीतून काढायचा. आणि ग्रुपवर हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांची थकबाकी नोटीस बोर्डावर लावली, तर आठवडाभर ग्रुप शांत राहील.

बरं, पैसे खात्यात आले म्हणजे सरपंचाच्या खिशात आले का? आराखडा ऑनलाइन चढवायचा, अंदाजपत्रकासाठी अभियंत्याच्या मागे फिरायचं, तांत्रिक मान्यता घ्यायची, काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात नोंद करून घ्यायची. पैसे सोडताना सरपंचाबरोबर ग्रामसेवकाचीही डिजिटल सही लागते. हा ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी) जिल्हा परिषदेचा कर्मचारी. त्याची बदली किंवा निलंबन सरपंचाच्या हातात नाही. एकट्या सरपंचाला त्या खात्यातून चहाचे पैसेही काढता येत नाहीत. खाणारे सरपंच नाहीत असं मी म्हणत नाही. पण खाल्लं असेल, तर पंगत मोठी होती, आणि ज्या बीडीओकडे कारभार द्यायचा म्हणता, त्यांचं कार्यालयही याच साखळीत आहे.

‘थेट जनतेतून सरपंच’ हा मुद्दा तर संदेशावरच उलटतो. २०१७ला थेट निवड आली, २०२०ला सरकार बदलल्यावर गेली, २०२२ला पुन्हा सरकार बदललं आणि परत आली. सरपंच कसा निवडायचा हेसुद्धा गाव ठरवत नाही.

कारभार अधिकाऱ्यांकडे दिल्यावर काय होतं याचीही चुणूक आपण पाहिली आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. तिथे आणि बहुतेक जिल्हा परिषदांत तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. निवडणुका घ्या, हे मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तक्रार घेऊन जायला नगरसेवक नव्हता, झेडपी सदस्य नव्हता.

मग गावाला खरंच अधिकार दिले तर जमतं का? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखातं सोडेना. हक्क कागदावर होता आणि परवान्याचं पुस्तक साहेबांच्या टेबलावर. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर तिथला बांबू ग्रामसभाच विकू लागली.