बाडेन-व्युर्टेम्बर्गचे पंधराशे युरो आणि महाराष्ट्राचे मौन

मी गेली चौदा वर्षे पुण्यात जर्मन शिकवते. माझ्या वर्गातून जर्मनीला उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलामुलींची संख्या दरवर्षी वाढत असल्यामुळे भाषेखेरीज प्रवेश, शुल्क, बँक आणि व्हिसा यांविषयीचे प्रश्नही हळूहळू माझ्याकडेच येऊ लागले. गेल्या वर्षी मिरजेहून आलेल्या एका विद्यार्थिनीला दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रे मिळाली. पहिले होते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातले, तिला मनापासून हवा असलेला विषय शिकवणारे. दुसरे होते नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियातले, त्या विषयाच्या जवळपासचे. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी वहीच्या दोन पानांवर दोन्ही ठिकाणचा खर्च मांडून आणला होता. पहिल्या पानावर एक ओळ जास्त होती, सहा हजार युरोंची, आणि निर्णय त्या ओळीने झाला.

ही ओळ आली कुठून, हे मराठी पालकांना नीट माहीत नसते, कारण जर्मनीत शिक्षण फुकट असते एवढेच त्यांनी ऐकलेले असते. ते बहुतांशी खरेही आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही. सेमिस्टरला विद्यार्थी कल्याण संस्थेची वर्गणी आणि तत्सम किरकोळ रक्कम भरली की झाले. परंतु जर्मनीत उच्च शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गने 2017-18 च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सेमिस्टरला 1,500 युरो शुल्क लावले आहे. हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगन, स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, उल्म ही सगळी विद्यापीठे त्याच राज्यातली आहेत. पीएचडी करणाऱ्यांना, विद्यापीठ-प्रवेशासाठीची शालेय परीक्षा जर्मनीतच दिलेल्यांना आणि विद्यापीठांमधील करारांखाली अदलाबदलीने आलेल्यांना सूट आहे. स्वतःच्या हिमतीवर अर्ज करून पदवी वा पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या वाट्याला मात्र ती क्वचितच येते.

या शुल्काचा इतिहास समजून घेतला की त्यातला अन्याय नेमका कुठे आहे ते दिसते. जर्मनीच्या घटना न्यायालयाने जानेवारी 2005 मध्ये शिक्षणशुल्कावरची केंद्रीय बंदी रद्द केली, आणि त्यानंतर अनेक राज्यांनी सर्वच विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 500 युरोंपर्यंत शुल्क लावले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पालक नाराज झाले, निवडणुकांत तो प्रचाराचा मुद्दा ठरला, आणि एकेका राज्याने माघार घेतली. बाडेन-व्युर्टेम्बर्गने 2012 मध्ये हे शुल्क बंद केले. सर्वांत शेवटी लोअर सॅक्सनीने 2014 मध्ये. आणि आपले शुल्क बंद केल्यावर अवघ्या पाच वर्षांत त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गने, ग्रीन पक्षाच्याच नेतृत्वाखाली, राज्याच्या अर्थसंकल्पातली बचत साधण्यासाठी शुल्क परत आणले. या वेळी ते 500 चे 1,500 झाले, आणि लावले गेले फक्त त्यांना, ज्यांना तिथे मत नाही. युरोपीय संघातल्या इतर देशांच्या विद्यार्थ्यांनाही राज्याच्या निवडणुकीत मत नसते, पण त्यांच्या पाठीशी राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करू न देणारा युरोपीय कायदा उभा असतो. उरले कोण, तर भारत, चीन, इराण, कॅमेरून अशा देशांतून आलेली मुले. ज्या रकमेच्या एक तृतीयांश रक्कम स्वतःच्या मुलांकडून घेणे राजकीयदृष्ट्या अशक्य ठरले, ती पूर्ण रक्कम परक्यांच्या मुलांकडून घेणे सोपे ठरले, याहून दुसरे कारण मला यामागे दिसत नाही.

हा पैसा जातो कुठे, हेही पाहावे. हा कायदा आणताना ठरलेली वाटणी अशी होती की 1,500 पैकी 300 युरो विद्यापीठाकडे राहतील आणि 1,200 युरो राज्याच्या तिजोरीत जातील. परदेशी विद्यार्थ्यांना जास्त मार्गदर्शन लागते, भाषेचे वर्ग लागतात, म्हणून शुल्क हवे, असा युक्तिवाद कोणी केला तर त्यात तथ्य आहे असे मीही म्हणेन. पण पाचातला एक भाग त्या कामाला आणि चार भाग तिजोरीला, अशी विभागणी असेल तर त्या युक्तिवादाचा आधार फारसा उरत नाही. शुल्क लागू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, ज्यांना ते भरावे लागणार होते अशा नव्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे एक पंचमांशाने घटली. जे आले नाहीत त्यांच्यात आपल्या मिरजेसारख्या गावांतली मुले किती होती, हे कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

पुण्यात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाला वर्षाला दीड-दोन लाख रुपये भरण्याची सवय असलेला पालक म्हणेल की सेमिस्टरला 1,500 युरो म्हणजे फार नाहीत. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला तर चार सेमिस्टरचे सहा लाख रुपये होतात. परंतु ही रक्कम एकटी येत नाही. एपीएसचे, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे प्रमाणपत्र, जे भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचे झाले आहे, त्याचे 18,000 रुपये, अनेक विद्यापीठांचे परदेशी अर्ज एकत्र तपासणाऱ्या युनी-असिस्ट या संस्थेकडून अर्ज करायचा असेल तर पहिल्या अर्जाचे 75 युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे 30, जर्मन भाषेच्या परीक्षा, व्हिसा, विमानाचे तिकीट. आणि या सगळ्यांवर ब्लॉक अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठीचे, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते, ज्यात सप्टेंबर 2024 पासून एका वर्षासाठी 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरोंच्या हिशेबाने जवळजवळ बारा लाख रुपये, आधीच जमा करून दाखवावे लागतात. बँका सहसा साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात. त्यापुढे घर किंवा फ्लॅट तारण मागतात, आणि शेतजमीन सहसा चालत नाही. सातबाऱ्यावर पाच एकर असूनही ज्याला बँक उभे करत नाही, त्या शेतकऱ्याच्या मुलीला त्या वरच्या सहा लाखांचे ओझे कसे पेलावे लागते, याची कल्पना कोथरूडमधल्या फ्लॅटधारकाला येणे अवघड आहे.

त्यात हे शुल्क सेमिस्टरवारी आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक त्रास देणारी बाब हीच. चार सेमिस्टरचा मास्टर्स प्रत्यक्षात पाच किंवा सहा सेमिस्टरपर्यंत लांबणे जर्मनीत मुळीच असामान्य नाही. प्रबंधासाठी कंपनीत जागा मिळायला वेळ लागतो, एखादा पेपर राहतो. शुल्क नसलेल्या राज्यात असे सेमिस्टर वाढले तर वर्गणीचे दोनशे-तीनशे युरो जातात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये त्यावर दीड हजारांची भर पडते, आणि ती भरल्याशिवाय पुढच्या सेमिस्टरची नोंदणी होत नाही. माझा एक माजी विद्यार्थी असे पाचवे सेमिस्टर भरण्यासाठी गोदामात रात्रपाळी करत होता. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि त्याने त्यातला एकही दिवस सोडला नाही. पैसे जमले, पण ज्या पेपरसाठी ते सेमिस्टर घेतले होते त्याचा अभ्यास राहिला आणि सहावे सेमिस्टर भरावे लागले. शुल्कामुळे काम, कामामुळे नापास, नापास झाल्यामुळे पुन्हा शुल्क, या चक्रात अडकलेली मुले फोनवर बोलतात तेव्हा आई-वडिलांना काय सांगायचे ते त्यांना कळत नसते, आणि मलाही कळत नाही.

मी हे लिहिताना स्वतःला एक गोष्ट विचारली आहे, आणि ती इथे लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. परदेशी विद्यार्थ्यांकडून जास्त शुल्क आपणही घेतो. पुण्यात इराण, येमेन, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतून मुले शिकायला आली, आणि त्यांनी आपल्या मुलांच्या कितीतरी पट शुल्क भरले. त्यांना खोल्या देताना आपण काय काय विचारले, तेही मला आठवते. म्हणून जर्मन करदात्याने आपल्या मुलांना फुकट शिकवलेच पाहिजे, असा हक्काचा दावा मी करत नाही. स्वीडनने 2011 मध्ये, फिनलंडने 2017 मध्ये आणि नॉर्वेने 2023 मध्ये युरोपबाहेरच्यांना शुल्क लावले, आणि तिथल्या रकमा बाडेन-व्युर्टेम्बर्गपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. बव्हेरियाच्या नव्या कायद्यानंतर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25 पासून मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 युरो घ्यायला सुरुवात केली आहे. जर्मनीतली दारेही एकेक करून अरुंद होत आहेत, हे आपण धरून चालले पाहिजे.

तरीही बाडेन-व्युर्टेम्बर्गचा प्रश्न आपल्यासाठी वेगळा आहे, आणि या पोस्टचे कारण तेच आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरे आहेत. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांमध्ये 2015 पासून अधिकृत भागीदारी आहे. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणाऱ्या गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा-बिरोबांच्या परंपरा समजून घेण्यासाठी आपल्या वाड्यावस्त्यांवर वर्षे घालवली. तेव्हा इथल्या कुणी त्यांच्याकडे प्रवेशशुल्क मागितले नव्हते. (त्यांच्या नावाने आजही जेजुरीच्या बाजूची जुनी माणसे हळवी होतात.) आणि फेब्रुवारी 2024 मध्ये याच दोन राज्यांत करार झाला तो कुशल मनुष्यबळाचा: महाराष्ट्राने परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी दहा हजार तरुण तयार करायचे, त्यांना जर्मन शिकवायचे आणि तिकडे पाठवायचे. मी स्वतः भाषाशिक्षिका असल्यामुळे या कराराचे मला स्वागतच आहे. पण जे राज्य आमच्या तरुणांना कामगार म्हणून बोलावताना त्यांच्या प्रशिक्षणाची चर्चा आमच्या सरकारशी करते, तेच राज्य त्याच जिल्ह्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला दारातच दीड हजार युरोंची पावती देते, आणि आमचे सरकार त्याविषयी एक शब्द बोलल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

विद्यार्थी म्हणून गेलेला माणूसही शेवटी तिथे बहुधा कामच करतो. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी त्याला अठरा महिने मिळतात, आणि जर्मनीला अभियंत्यांची गरज किती आहे हे सर्वज्ञात आहे. जर्मन अर्थव्यवस्था संस्थेने डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेसाठी 2025 मध्ये केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की 2022 मध्ये तिथे शिक्षण सुरू केलेले सुमारे 80 हजार परदेशी विद्यार्थी आयुष्यभरात, त्यांच्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा सुमारे साडेपंधरा अब्ज युरो अधिक, कर आणि वर्गण्यांच्या रूपाने भरतील. 2023-24 मध्ये जर्मनीत सुमारे 49 हजार भारतीय शिकत होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये त्यांची संख्या सर्वाधिक होती. वाटाघाटी करताना आपल्या बाजूला काहीच नाही, असे म्हणण्याची ही स्थिती नाही.

म्हणून माझे म्हणणे महाराष्ट्र शासनाला उद्देशून आहे. विद्यापीठांमधील करारांखाली आलेल्या विद्यार्थ्यांना शुल्कातून वगळण्याची पद्धत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहेच. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांनी तिथल्या विद्यापीठांशी असे करार मोठ्या संख्येने करावेत, ही मागणी भागीदारीच्या पुढच्या बैठकीत पहिली असली पाहिजे. त्याच बैठकीत, किमान वाढीव सेमिस्टरला हे शुल्क लावू नये, असेही मागता येईल. आणि आपल्या स्वतःच्या हातातली गोष्ट म्हणजे परदेशी शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळणाऱ्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला जागतिक क्रमवारीची अट आहे, आणि जर्मनीतली उपयोजित विज्ञानाची उत्तम महाविद्यालये, जिथून मुलांना कारखान्यांत थेट नोकऱ्या मिळतात, ती त्या क्रमवारीत येतच नाहीत. ही अट जर्मनीपुरती बदलली तर दीड हजार युरोंचा प्रश्न किमान काही घरांतून उठेल.

मिरजेची माझी विद्यार्थिनी आता नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात तिसऱ्या सेमिस्टरला आहे आणि तिचे चांगले चालले आहे. तिचा मूळ विषय मात्र सुटला. गेल्या महिन्यात तिने विचारले की प्रबंधासाठी सहा महिने स्टुटगार्टच्या एका प्रयोगशाळेत जाता आले, तर नाव तिकडच्या विद्यापीठात नोंदवावे लागेल का, आणि लागले तर ते पैसे भरावे लागतील का. मी तिला सांगितले की नोंदणी सध्याच्याच विद्यापीठात ठेव आणि प्रयोगशाळेशी फक्त प्रबंधाचा करार कर. तिने तसे पत्र पाठवले आहे. उत्तराची आम्ही दोघी वाट पाहतो आहोत.