"एनडीपीएसमध्ये शिक्षा लागली की संपलं" हा मेसेज खोटा आहे, पुढे पाठवू नका

दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, खाली कुणा वकिलाचं नाव चिकटवलेलं. म्हणे अंमली पदार्थाच्या केसमध्ये शिक्षा लागली की विषय संपला, वर गेलात तर शिक्षा उलट वाढते, अपील चालू असताना माणूस बाहेर येतच नाही, साठ दिवस उलटले की दार बंद, आणि लाखांत पैसे नसतील तर नादाला लागू नका. मी तालुक्याला विधी सेवेचं काम करते, हे वाचून हातपाय गाळून बसलेली माणसं मला भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

विषय संपत नाही. एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा, तो १९८५ चा आहे आणि त्याच्याच कलम ३६ब मध्ये हायकोर्टातल्या अपिलाची सोय आहे. हे पहिलं अपील हक्काचं असतं, सगळा पुरावा परत तपासायला लावता येतो. आणि आता रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना मुंबईही गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून आपली प्रकरणं हायकोर्टाच्याच कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

शिक्षा वाढते हे तर साफ चुकीचं. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवत नाही, वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं किंवा कोर्टाला नोटीस काढून आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं.

बाहेर येतच नाही, यात अर्धं खरं आहे आणि तेच जास्त घातक. कलम ३२अ मध्ये अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून माणसाला बाहेर सोडायला बंदी होती, पण सुप्रीम कोर्टाने २००० साली दादू विरुद्ध महाराष्ट्र सरकार या निकालात सांगितलं की कोर्टाचा हा अधिकार असा काढून घेता येणार नाही. फक्त माल व्यावसायिक प्रमाणात असेल, म्हणजे गांजा २० किलोच्या वर, चरस १ किलोच्या वर, एमडी म्हणजे मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर, तर कलम ३७ ची कडक अट आड येते, माणूस दोषी नसावा असं मानायला सबळ कारण दिसावं लागतं. त्याहून कमी माल असेल तर साधारणपणे ही अट नाही. म्हणून निकालपत्रात आधी वजन बघा.

आता खरा मुद्दा, अपिलात मांडायचं काय. एका खलाशाची आई निकालपत्र घेऊन आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, विचारत होती, "बाय, ह्यात पोराच्या बाजूचा काय हाय काय?" आम्ही दोघी पानन् पान बघत बसलो. पंच कोर्टात फिरलेला, माल मुद्देमाल खोलीत किती दिवस पडून होता त्याची नोंद अर्धवट, नमुने जागेवरच काढलेले. आता सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या मोहनलाल निकालाप्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात, नुसत्या तेवढ्या चुकीवर कुणी सुटत नाही, पण बाकीचा पुरावाही लंगडा असला की फरक पडतो. अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब असेल तर २०२० चा तोफान सिंग निकाल दाखवा, तो जबाब पुरावा म्हणून चालत नाही. उलट कलम ५० वर, म्हणजे झडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं सांगायच्या हक्कावर, उगाच दहा पानं खर्च करू नका, ते अंगझडतीला लागतं, माल बॅगेत सापडला असेल तर उपयोग नाही. भेसळ वजा करून वजन धरा हेही २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर चालत नाही.

घरची गरिबी, लहान पोरं, हे सांगून व्यावसायिक प्रमाणातली किमान १० वर्षं हायकोर्ट कमी करू शकत नाही, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगते, वाईट वाटलं तरी. पण कोर्टाने १० च्या वर दिली असेल तर ती खाली आणायला मागता येते, आणि लाखाचा दंड न भरल्याबद्दलची जादा कैद कमी करायलाही मागता येते, सुप्रीम कोर्टाने तशी केलेली आहे. आधी आत काढलेले दिवस वजा होतात ते वेगळंच.

काही जण म्हणतात तू ड्रग्जवाल्यांची बाजू घेतेस. २०२३ च्या ऑगस्टात दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली तेव्हा पोरांच्या काळजीने मीही हादरले होते. ज्याने केलं त्याने भोगावं. पण त्यानेच केलं हे नीट सिद्ध व्हायला नको?

मुदत साठ दिवसांची खरी, पण निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात आणि उशिराचं पटण्यासारखं कारण दिलं तर कोर्ट तो माफ करू शकतं. पैशाचं म्हणाल तर कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानेच, आणि तुरुंगातून जेलरमार्फतही अपील पाठवता येतं. शिक्षा सुनावली की निकालाची एक प्रत आरोपीला मोफत मिळते, तेव्हा तुमच्याकडे नसेल तर तुरुंगात पुढच्या भेटीला जाल तेव्हा त्याच्याकडेच मागा आणि ती घेऊन तालुका विधी सेवा समितीत या.