रस्ता तुमच्या गाडीच्या बापाचा नाही

तालुक्याच्या गावातला मेन रोड एकदा टेप घेऊन मोजाच. सिमेंटचा पट्टा सात मीटर, बऱ्याच ठिकाणी साडेपाचच. आपण सातचा हिशेब धरू. नालीपर्यंतची साइडपट्टी टपऱ्यांनी, पानठेल्यांनी आणि दुकानांच्या पायऱ्यांनी आधीच खाल्लेली, म्हणून चारचाक्या सिमेंटवरच उभ्या. गाडीची रुंदी पावणेदोन मीटर, कडेपासून थोडी सोडून लावली की एका बाजूचे दोन मीटर गेले. समोरही तशीच रांग, म्हणजे चार गेले. उरले तीन. एसटीची नुसती बॉडी अडीच मीटरची, दोन्ही आरसे धरले तर तीनच्या जवळ जाते. मग सांगा राजेहो, त्या फटीत एसटी शिरली की पाठीवर दप्तर घेऊन सायकलने घरी चाललेल्या आठवीतल्या पोरीने जायचे कुठे? नालीत?

उभ्या गाडीला चिकटून जायचे तर दार आहेच. मोबाईल कानाला लावून, मागे न बघता खाडकन दार उघडतात. ते मीटरभर बाहेर येते. सायकलचे हँडल साठ सेंटीमीटरचे असले तरी दप्तर, कॅरिअरवर बसलेली बहीण किंवा दुधाची कॅन असली की सायकल डुलते, तिला मीटरभर पट्टा लागतोच. दाराची कड डाव्या मुठीला लागली की मूठ मागे ढकलली जाते, पुढचे चाक डावीकडे मुरडते आणि अंग उजवीकडे फेकले जाते. उजवीकडे एसटीचे मागचे चाक असते. यात पोरीची काहीएक चूक नसते, तरी ‘सायकलवाले पाहून चालत नाहीत’ म्हणणारे चार जण लगेच जमतात. तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, गाडीत बसलेल्या माणसाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे, एवढे केले तरी खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारे दिसते. फुकटचे आहे, तेवढेही होत नाही.

साइडपट्टी जिथे मोकळी आहे तिथेही सुख नाही. सिमेंट रोड झाला, पण कडेला मुरूम भरलाच नाही, त्यामुळे वीतभर पायरी तयार झाली. गाडीमुळे खाली उतरलेली सायकल पुन्हा वर घेताना चाक तिरके लागते, दीड इंचाचा टायर त्या कडेवर चढत नाही, घासत जातो आणि सायकल आडवी होते. पावसाळ्यात त्याच पट्टीत काळ्या मातीचा चिखल, म्हणजे तिथे उतरताच येत नाही. मुरूम भरून दबाई करणे हे रस्त्याच्याच कामात धरलेले असते. बिल निघते तेव्हा ते कोणी तपासत नाही.

आणि हे कोणाच्या वाट्याला येते? मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, त्यात विदर्भातले तालुके भरपूर आहेत. मुलींसाठी त्याच कार्यक्रमाच्या निळ्या बसेस आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट. छोट्या रुळांची शकुंतला रेल्वे बंद पडली, पुलगाव-आर्वीची छोटी गाडीही गेली. आता वावरात राबणाऱ्या माणसाला तालुक्याला यायला एसटी, काळीपिवळी नाहीतर स्वतःचे पाय. एवढ्या लोकांचा रस्ता पाच-पन्नास चारचाक्या दिवसभर अडवून ठेवतात, आणि त्याबद्दल एक रुपया देत नाहीत.

थांब्यावर उभे राहून पाहा. प्रवासी निवाऱ्यासमोर दोन गाड्या लागलेल्या, निंबाच्या सावलीत अजून दोन. मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत म्हाताऱ्या बाया उन्हात आणि गाड्या सावलीत. ड्रायव्हरला बस कडेला घेता येत नाही, तो रस्त्याच्या मधोमध थांबवतो. बसचे दार डाव्या बाजूला. दार आणि उभी गाडी यांच्यात माणूसभर फट राहते, त्या फटीत आजी पायरीवरून उतरते, हातात पिशवी. पायरी ते डांबर किंवा सिमेंट हे अंतर गुडघ्याएवढे. आणि नेमक्या त्याच फटीतून मागची फटफटी हॉर्न वाजवत डावीकडून घुसते. एसटीतून उतरताना अपघात असेही होतात, आणि दोष ड्रायव्हर-कंडक्टरच्या माथी मारला जातो.

कोपऱ्यावर तर आणखी वाईट. अकरा-बारा मीटर लांब गाडी वळताना पुढचे तोंड बाहेर फाकते आणि मागचे चाक आत कापते. चौकाच्या तोंडाशी दहा मीटरच्या आत एक जरी बोलेरो उभी असली तरी एका दमात वळण बसत नाही. मग कंडक्टर खाली उतरतो, शिट्टी मारत गाडी मागे घ्यायला लावतो, मागे कापसाच्या ट्रॉल्या तुंबतात, बाजाराचा दिवस असला की संपलेच. एका फेरीत दहा मिनिटे गेली की पुढच्या फेरीचा बोऱ्या वाजतो, संध्याकाळची शाळेची गाडी उशिरा लागते. शेवटी लांब पल्ल्याच्या गाड्या गावात यायचेच टाळतात, माणसांना बायपासच्या फाट्यावर उतरवतात. तिथून दोन किलोमीटर अंधारात चालायचे. फाट्यावर सायकल लावावी तर स्टॅण्ड नाही. पूर्वी बसस्टॅण्डजवळ पैसे देऊन सायकल ठेवायची सोय असायची, त्या जागेवर गाळे निघाले. जिथे नवे स्टॅण्ड केले तिथे पुढचे चाक खाचेत अडकवायचे लोखंडी रॅक टाकले. सायकल कलंडली की रिम वाकते, स्पोक तुटतात, म्हणून कोणी तिथे लावत नाही. जमिनीत रोवलेला उलटा ‘यू’ पाइप लागतो, त्याला फ्रेम टेकते आणि साखळीही बांधता येते. एका चारचाकीच्या जागेत, अडीच बाय पाच मीटरमध्ये, दहा सायकली आरामात बसतात.

यावर दुकानदारांचे एकच पालुपद: गाड्या हटवल्या तर गिऱ्हाईक तुटेल. अहो, दुकानासमोरची गाडी गिऱ्हाइकाची नसतेच. सकाळी शटर उघडताना लागलेली मालकाची गाडी असते, ती रात्री शटर पाडल्यावरच हलते. म्हणजे स्वतःच्याच गिऱ्हाइकाची जागा तुम्ही बारा तास अडवता. साडेबारा चौरस मीटरचा गाळा मेन रोडवर भाड्याने मागून पाहा, काय भाव सांगतात. तेवढीच जागा रस्त्यावर फुकट पाहिजे! २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातच लिहिले आहे की रस्त्याची जागा गाड्यांना नव्हे, माणसांना धरून वाटा, आणि पार्किंगचे शुल्क जमिनीची किंमत पाहून लावा. धोरण शहरांचे असले तरी नगरपंचायत झाली, नवा मार्केट यार्ड झाला, दारोदारी चारचाकी आली, म्हणजे तीच अडचण आपल्या दारात आलेली आहे.

कायदा नाही असेही नाही. बसथांबा, शाळा-दवाखान्याचे गेट, फूटपाथ, चौकाचे तोंड इथे गाडी लावायला वाहनचालनाच्या २०१७ च्या नियमांत मनाई आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ धोकादायक जागी गाडी सोडण्याबद्दल, १२७ ती उचलून नेण्याबद्दल. दंड पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडला तर १५००. पण रस्ता बांधकाम विभागाचा, नाली नगरपंचायतीची, चालान पोलिसांचे. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. नगरपंचायत परस्पर ‘नो पार्किंग’चा बोर्ड ठोकते, त्यामागे जिल्ह्यातून निघालेली रीतसर अधिसूचना नसते, मग चालानवर हरकत आली की पोलीस हात वर करतात. पिवळी रेघ भिंतीच्या ऑइलपेंटने मारतात, ती पहिल्या पावसात पुसते. अडीच मिलिमीटर जाडीचा थर्मोप्लास्टिक पट्टा मागा, तो टिकतो. आणि इमारतींचे काय? नकाशात तळमजल्यावर पार्किंग दाखवायचे, भोगवटा प्रमाणपत्र हातात पडले की शटर लावून तेच गाळे विकायचे. मंगल कार्यालयांचीही तीच गत, लग्नसराईत वरातीच्या गाड्या अर्धा किलोमीटर रस्त्यावर. नकाशाची प्रत नगरपंचायतीत माहिती अधिकारात मिळते. काढा आणि जागेवर जाऊन ताडून पाहा.

साडेपाच मीटरच्या रस्त्यावर पार्किंग नकोच, एकाही बाजूला नको. सात मीटरवर एकाच बाजूला, तारखेप्रमाणे सम-विषम. मग पाच मीटर राहतात, त्यात एसटी आणि सायकल शेजारून जातात. कोपऱ्यांवर आणि थांब्यांवर बोर्डाने काम होत नाही, तिथे खांबच पाहिजेत. चार इंची पाइप, आत काँक्रीट भरलेला, जमिनीवर तीन फूट. दोन खांबांत १.२ मीटर अंतर ठेवा: सायकल आणि चाकाची खुर्ची जाते, ऑटो शिरत नाही. दीड मीटर ठेवले की ऑटो आत. काळ्या मातीत फूटभर खड्डा घेऊन खांब रोवू नका, पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर्षभरात खांब कलतो. अडीच फूट खोल जा, तळाशी मुरूम ठोका, मग काँक्रीट. वरती लाल-पांढरी चमकणारी पट्टी लावा, लाइट गेल्यावर तीच दिसते. बसच्या थांब्याला पंधरा मीटरची कड मोकळी लागते, त्याहून कमी दिली तर बसचे शेपूट रस्त्यातच राहते.

गाड्यांना जागा नाही असे कोणी म्हणू नये. आठवडी बाजाराचे मैदान सहा दिवस रिकामे पडलेले असते, बहुतेक गावांत मेन रोडपासून पाच मिनिटांच्या चालीवर. तिथे पार्किंग करा, बाजाराच्या दिवशी गुजरीवाल्यांना मोकळे करून द्या. चालायला जड जाते म्हणणाऱ्याने एसटीतून फाट्यावर उतरलेल्या माणसाकडे पाहावे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भातल्या शाळा उघडतात. त्याआधी अधिसूचना निघालेली, खांब गाडलेले आणि मैदानाचे गेट उघडलेले पाहिजे. मार्चच्या सभेत विषय घेतला नाही तर हे होत नाही. म्हणून आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला, बांधकाम उपविभागाला आणि ठाणेदाराला मोजमापांसह लेखी द्या, तिघांचीही पोच घ्या.