गॅलरीत बसून फुटबॉल कसा खेळावा

कोल्हापुरात फुटबॉल खेळणारे थोडे आणि खेळवणारे फार. खेळवणारे म्हणजे आपण, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेले. खाली मैदानात बावीस जण धावतात ते आपल्याला बोलायला विषय मिळावा म्हणून. तरी दर हंगामात काही नवी मंडळी येतात, गप्प बसून सामना बघतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पैसे वाया. अशांची कीव येऊन हे चार शब्द लिहितोय.

संघ निवडायची कटकट नाही. ज्या पेठेत जन्म झाला तिथल्या तालमीचा तो तुमचा संघ. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस, जो वाट्याला येईल तो. घरच्यांनी ठरवलेलं लग्न एकवेळ मोडता येईल, हे नाही. वर्ल्ड कपच्या वर्षी एक जादा संघ घ्यायची मुभा आहे, अर्जेंटिना किंवा ब्राझील. तिसरंच नाव घेतलंत तर कट्ट्यावर चहा मिळणार नाही.

आता खेळाडूंकडे वळू. एखादा ढेपाळलाय हे ओळखायला अख्खा सामना बघायची गरज नसते. पहिला पास चुकला की मोठ्यानं विचारायचं, "ह्येला कुणी रं घेतला?" उत्तराची वाट बघायची नाही. उत्तर 'सरावाला सगळ्यांच्या आधी येतोय म्हणून' असं निघालं तर चर्चा तिथंच संपते, आणि अजून मध्यंतरसुद्धा झालेलं नसतं.

खेळाडूचं वय कधीही विचारू नये.

उगवत्या पोरांच्या बाबतीत मात्र मन मोठं ठेवा. शालेय स्पर्धेत एखाद्यानं दोघांना चकवून गोल केला की त्याला तिथल्या तिथं मेस्सी करून टाका. फ्लेक्स लावा, गुलाल उधळा, व्हिडिओ काढून खाली 'जगात भारी' लिहा. पुढच्या वर्षी तो मेस्सी झाला नाही की 'हवा गेली डोक्यात' म्हणायला आपण मोकळे. हवा कुणी भरली हे विचारायची पद्धत नाही.

या कामी २०१७ चा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप फार उपयोगी पडतो. भारतात झाला, यजमान म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला, आणि त्या संघात आपला अनिकेत जाधव होता. रिक्षावाल्याचा पोरगा वर्ल्ड कप खेळतोय म्हणून तेव्हा आपल्या छात्या किती फुगल्या होत्या! मग अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. वर्ल्ड कपमधला भारताचा पहिलावहिला गोल जॅक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध डोक्यानं मारला. तो विसरायचा, चार-शून्य लक्षात ठेवायचं. आणि तेव्हापासून दरवर्षी उसासा टाकून विचारायचं, "त्या पोरांचं पुढं काय झालं रे?"

विचारायचं फक्त. शोधायचं नाही. शोधलंत तर सापडेल की जॅक्सन, सुरेश वांगजाम आणि अन्वर अली भारताच्या मुख्य संघातून खेळले. अनिकेत इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला जाऊन आला आणि २०२१-२२ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकलेल्या हैदराबादच्या संघात होता. अन्वरच्या हृदयात २०१९ मध्ये दोष सापडला, खेळणं थांबवायची पाळी आली, तर हा पठ्ठ्या कोर्टात गेला, परवानगी मिळवली आणि भारताच्या बचावफळीत येऊन उभा राहिला. हे सगळं माहीत झालं तर 'वाया गेली पोरं' या वाक्याची मजाच जाते.

माजी खेळाडूंचा उपयोग काठीसारखा करायचा, आताच्या पोरांच्या पाठीत घालायला. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा, १९६२ ला जकार्तात एशियाडचं सोनं आणणारे चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी, ही नावं पाठ करून ठेवा. "ती माणसं अनवाणी खेळायची" हेही ठोकून द्या. अनवाणी खेळण्याचा गाजलेला काळ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा, हे गॅलरीत कोण तपासतंय?

पेठेतला जुना खेळाडू समोर आला तर मात्र ओळख दाखवू नका. त्याच्या गुडघ्याचं काय झालं, ऑपरेशनला पैसे कुणी दिले, नोकरी का लागली नाही, ही चौकशी म्हणजे नसती जबाबदारी. तो लांब गेला की शेजाऱ्याला हळूच सांगा, "लई भारी खेळायचा, पण वाया गेला." आय. एम. विजयन त्रिशूरच्या मैदानात सोडा विकायचा, केरळ पोलिसांत लागला, भारताचा कर्णधार झाला आणि २०२५ ला पद्मश्री मिळाली. ती कथा डोळ्यांत पाणी आणून सांगा. आपल्या पेठेतल्या माणसाला पोलिसांत कुणी घेतलं नाही, हा त्याचा दोष.

सुनील छेत्रीचं वेगळं तंत्र आहे. खेळत असला तर "किती दिवस खेळणार?" ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० वर तो थांबला, की "आता गोल कोण मारणार?" मार्च २०२५ मध्ये परत आला आणि मालदीवविरुद्ध गोलही मारला, की "तरण्या पोरांची जागा अडवली." भारतासाठी नव्वदच्या वर गोल मारलेल्या माणसाला तिन्ही बाजूंनी घेरता येतं. हे फक्त आपल्यालाच जमतं.

रेफ्री विकला गेलेला असतोच.

आता महत्त्वाचं. खेळाडूला शिव्या कशा द्याव्यात. यावर मला परवाच्या रविवारी मोफत शिकवणी मिळाली. माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ होते. पांढराशुभ्र शर्ट, मांडीवर भडंगाची पुडी, एका हातात मोबाइल. पहिल्या मिनिटापासून त्यांनी डाव्या बगलेवरच्या पोराला धरलं. पोरगं अठरा-एकोणिसाचं. "पायाला मेंदी लावलीय का रं?" इथून सुरुवात. मग आईवर. मग जेवणावर. त्याच्या पायात बॉल नसला तरी चालू, पलीकडं कॉर्नर चालला असला तरी चालू. मागच्या हंगामात याच पोरानं उपांत्य सामन्यात गोल मारला होता, तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन नाचणारे हेच गृहस्थ. मी बघितलंय, हाच शर्ट गुलालानं भरला होता.

उत्तरार्धात पोराच्या पोटरीत गोळा आला. तो खाली बसला, मोजा खाली सारला, तर आतनं नडगी वाचवायचं शिनगार्ड बाहेर पडलं. शिनगार्ड कसलं, प्लॅस्टिकची बाटली उभी कापून, कडांना चिकटपट्टी लावून घरी केलेली पट्टी. गॅलरीतनं लख्ख दिसत होती. पोरानं ती घाईनं उचलून परत मोज्यात कोंबली, वर बघितलंसुद्धा नाही. आणि आमचे गृहस्थ मोबाइल पुढं धरून ओरडले, "शूटिंग करा रं ह्येचं! बिसलेरी लावून आलाय!" चार-दोन रांगा हसल्या. हसल्या! तो पोरगा शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून आलेला. सकाळी सातला सुटला, दोन तास झोपला, आणि दुपारी मैदानात. मी त्याच्या गल्लीतला, म्हणून मला माहीत. त्यांना माहीत नव्हतं हे मान्य. पण बाटलीची पट्टी डोळ्यानं दिसत होती ना? ती बघून हसू कसं येतं माणसाला? सोडावॉटरवाल्या विजयनसाठी रडणारी माणसं ती हीच!

सामना टायब्रेकरवर गेला, आपण हरलो. बाहेर पडताना बघतो तर गृहस्थ समोरच्या संघानं बाहेरून आणलेल्या आघाडीवीराबरोबर सेल्फी काढतायत. "भावा, नाद खुळा खेळलास!"

असो. लेख उपरोधिक आहे, शिस्त पाळली पाहिजे. पुढचा सल्ला.

तिकिटाचे पैसे दिलेत म्हणजे माणूस विकत घेतलाय, असं धरून चालावं.

फुकटचा पास असेल तर दुप्पट ओरडावं.

भारत हरला की एक खेळाडू निवडावा आणि सगळं त्याच्या डोक्यावर घालावं. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२ हरून आपण २०२७ च्या आशिया चषकाबाहेर पडलो, तेव्हा ही पद्धत देशभर वापरली गेली. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या जुन्या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली तेव्हा कुणी आवाज केला होता का? २०२५ ला आयएसएल वेळेवर सुरूच झाली नाही, क्लबांनी सराव बंद ठेवले, खेळाडू घरी बसले, तेव्हा? तो विषय बैठकांचा, करारांचा. त्यात शिव्या द्यायला समोर कुणी मोजा खाली करून बसलेलं नसतं. मग कसली मजा?

नाही, आता बास. मला हे पुढं उपरोधानं लिहिता येत नाही.

जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीला भारत चायनीज तैपेईविरुद्ध ५-० जिंकला. छेत्रीनं हॅट्ट्रिक मारली, आणि बघायला होते २,५६९ लोक. त्यानंतर त्या माणसानं व्हिडिओ काढून हात जोडले. आम्हाला नावं ठेवा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या, असं तो म्हणाला. पुढचा केनियाविरुद्धचा सामना खचाखच भरला. तुम्ही त्यातलं 'शिव्या द्या' एवढंच उचललंत. तो बिचारा रिकाम्या खुर्च्या बघून कळवळून बोलला होता, तुम्हाला परवाना देत नव्हता. आणि तो कसलेला गडी होता, राष्ट्रीय संघाचा कर्णधार. तुम्ही ज्याच्या आईचा उद्धार करता तो बारावी नापास होऊन फाउंड्रीत लागलेला पोरगा आहे, आणि त्याची आई कधी कधी त्याच गॅलरीत बसलेली असते.

सरावाला कधी गेलाय का हो तुम्ही? सकाळी मैदानावर जाऊन या एकदा. शालेय स्पर्धेला जा, तिथं गॅलरी मोकळीच असते, हवी ती जागा मिळेल. पोराला मेस्सी म्हणायच्या आधी त्याच्या बुटाकडं बघा. फ्लेक्सला जेवढे पैसे घालता त्यातले थोडे काढले तर अख्ख्या संघाला शिनगार्ड येतील. चांगली, दुकानातली. जुना खेळाडू दिसला तर 'वाया गेला' म्हणण्याआधी त्याला गुडघा कसा आहे एवढं विचारा. खेळ वाईट झाला तर वाईट म्हणा, माझीही ना नाही. क्रॉस नीट पडत नाही, मागं धावत येत नाही, उजवा पाय नुसता टेकायला आहे, बोला की! पण त्याच्या घरात शिरायचं नाही, ताटात डोकवायचं नाही.

आणि पांढऱ्या शर्टवाले साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. ते पोरगं येत्या रविवारी परत खेळणार आहे, डाव्या बगलेवरच. मीही येतोय आणि या वेळी तुमच्या मागच्या रांगेत बसणार आहे. एक शब्द काढून बघा.