मेडल आधी त्याच्या घरात जाऊ दे

इथं इंग्लंडमधे जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिल्या महायुद्धाची मेडल्स टेबलावर मांडून विकायला असतात. त्यातलं एक चांदीचं मी घेतलं, कारण कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि ११७ मराठा असं कोरलेलं होतं, अक्षरं इतकी बारीक आणि घासलेली की डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतात. फोटो आपल्या बेळगावच्या ग्रुपवर टाकला आणि वाद सुरू झाला. एक गट म्हणतोय बेळगावच्या मराठा सेंटरच्या (मराठा लाइट इन्फंट्रीचं लष्करी केंद्र) म्युझियमला देऊन टाका, खेड्यात दिलं तर भाऊबंदकीत अडकेल नाहीतर सोनाराकडं जाईल. दुसऱ्यांनी सीमाप्रश्नच काढला, की हे पुरावा म्हणून लावा.

मला दोन्ही पटत नाही ओ. ११७ मराठा पलटण डिसेंबर १९१५ पासून आताच्या इराकमधल्या कुत अल अमाराला तुर्कांच्या वेढ्यात होती, उपासमारीनं माणसं खंगली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि पुढं कैदेत, वाळवंटातून चालवत नेताना किती जण गेले. त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक बांधलं, पण साध्या भारतीय शिपायांची नावं त्यावर कोरलीच नाहीत, पलटणीपुढं नुसता आकडा! युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या ब्रिटिश कमिशननं अशा भेदभावाची माफी मागितली ती २०२१ मधे. म्हणजे या माणसाचं नाव कुठं कोरलेलं असेल तर ते या कडेवर, आणि ते त्याच्या घरी नको?

त्याच कमिशनच्या, युद्धात गेलेल्यांच्या ऑनलाइन यादीत बऱ्याच शिपायांच्या बापाचं नाव आणि गाव मिळतं. आपल्या शिपायाचं गाव चंदगड भागातलं, जिल्हा बेळगाव असं लिहिलंय. १९५६ ला चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेलं, बेळगाव म्हैसूर राज्यात म्हणजे आताच्या कर्नाटकात, आता त्याचे पणतू इकडं असतील नाहीतर तिकडं, बहुतेक दोन्हीकडं. पुरावा कुणाविरुद्ध लावायचा मग?

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची मुलं-नातवंडं जपानी सैनिकांचे सह्या केलेले झेंडे परत पाठवतात, ओरेगॉनची ओबोन सोसायटी घरं शोधून देते. जपानमधल्या अशा कितीतरी घरांत पोराची अस्थीसुद्धा आली नव्हती. ही माणसं शत्रूच्या घरी वस्तू पोचवतात आणि आपण आपल्याच माणसाच्या घरी द्यायला कचरतोय.

विकतील म्हणता, विकतील कदाचित, पण त्यांच्या पणजोबाचं आहे ते. मला तर वाटतं देवघरात पूर्वजांच्या टाकाशेजारी ठेवतील. म्युझियममधे जास्त नीट राहील हे खरंय, पण तो निर्णय घरच्यांचा.

सरपंचांशी फोनवर बोललोय, गावातले एक रिटायर्ड सुभेदार घराणं शोधायला लागलेत. सापडलं की तिथंच चार माणसांसमोर हातात द्यायचं, आणि घरच्यांनाच वाटलं सेंटरला द्यावं तर मी त्यांच्याबरोबर बेळगावला जाईन.